देठ हिरवा राहावा म्हणून

द्राक्षं घेताना आपण मणी दाबून बघतो. जाणकार आधी देठ बघतो. देठ हिरवा असेल तर घड ताजा, तपकिरी पडला असेल तर वाटेत कुठेतरी गारवा सुटला. निफाड-दिंडोरीच्या बागेपासून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरापर्यंतची सारी धावपळ मला तरी या देठासाठीच चाललेली दिसते.

आंबा अढीत पिकतो, द्राक्ष पिकत नाही. तोडताना जेवढी गोडी, तेवढीच शेवटपर्यंत. तोडलेला घड श्वास मात्र घेत राहतो आणि पाणी गमावत राहतो. दहा अंशांनी तापमान वाढलं की हा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून तोडणी सकाळी, ऊन तापायच्या आत. पॅकहाउसमध्ये बायका कात्रीने खराब मणी काढतात. घड धरायचा तो देठालाच, मण्यांवरची पांढुरकी पावडर पुसली जाता कामा नये. मग प्रीकूलिंग. पेट्यांमधून थंड हवा जोराने ओढून काही तासांत उन्हाचा ताव काढतात. गरम माल नुसता शीतगृहात रचला, तर मधल्या पेट्या लवकर गार होतच नाहीत. पुढे शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता.

पण ओलावा आला की बुरशी आली. बोट्रायटिस ही करडी बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते. तिच्यासाठी पेटीत सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागदी पॅड ठेवतात. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड थोडा थोडा सुटतो. जास्त सुटला तर मणी देठाकडून पांढरे पडतात. फळाच्याच ओलाव्याला फळाची राखण करायला लावायचं, ही युक्ती मला फार आवडते.

तिथून रीफर म्हणजे गारवा राखणारा कंटेनर, न्हावा शेवा बंदर आणि समुद्र. कंटेनरचं यंत्र गार माल गार ठेवतं, गरम माल गार करण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. नाशिकला राहिलेली कसर समुद्रात भरून निघत नाही. २०२४ साली तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा प्रवासाचे दिवस बरेच वाढले आणि ही कसर आणखी महाग पडली.

मालाबरोबर माहितीही जावी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर असते, तोडणीआधी मण्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि पेटीवरच्या क्रमांकावरून घड कोणत्या बागेतला, हे तिकडच्या तपासनिसाला शोधता येतं.