ब्रेक पॅडमागची सव्वाशे वर्षं

स्पोर्ट्‌स कारचे मूळ पॅड झिजले की मालकापुढे जे खोके येतात त्यांवर ‘सेमी-मेटॅलिक’, ‘लो-मेटॅलिक’, ‘सिरॅमिक’, ‘ट्रॅक’, ‘नॉन-ॲसबेस्टॉस’ असे शब्द छापलेले असतात आणि किमतींत मोठी तफावत असते. कोल्हापुरात हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. वेगवान गाड्या इथे वाढल्या आहेत, आणि त्या फक्त ताराराणी चौकातून फिरवायला घेतलेल्या नाहीत. रविवारी पहाटे त्या गगनबावड्याच्या, आंबा घाटाच्या किंवा आंबोलीच्या वाटेला लागतात. गॅरेजमध्ये मात्र ‘सगळ्यात भारी ते टाका’ एवढ्यावर विषय संपतो. मला हे पटत नाही, कारण सगळ्यात भारी असा पॅड आजवर झालेलाच नाही. प्रत्येक मिश्रण एखाद्या विशिष्ट अडचणीवर तोड म्हणून निघालं, आणि ती अडचण कळली की खोक्यावरचा शब्दही कळतो.

सुरुवात चामड्यापासून झाली. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह त्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे टिकेनात, तेव्हा तिने वाटेत एका चर्मकाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामडं किती मार खातं हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण तापलं की ते करपतं. पुढे १८९७मध्ये इंग्लंडातल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड याने पाहिलं की घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यांना जुने बूट लावून उतार उतरतात. त्यातून त्याने सुती पट्ट्यांत चिकट द्रव्यं मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवले, आणि या धंद्यातूनच फेरोडो ही कंपनी उभी राहिली. मोटारींचा वेग वाढला तसं सूतही जळू लागलं. १९०८च्या सुमारास फ्रूडने ॲसबेस्टॉसकडे मोर्चा वळवला.

ॲसबेस्टॉस स्वस्त होता, तंतुमय होता आणि उष्णतेला दाद देत नव्हता. विसाव्या शतकाचा बराचसा काळ ब्रेकच्या जगावर त्याचंच राज्य राहिलं. आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात चारही चाकांना ड्रम असत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं डब्यासारखं भांडं; आतून त्याला शू दाबत आणि शूवर घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, असे. जुने लायनर काढायचे, शूवर नवे रिव्हेट करायचे आणि ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, ही कामाची सर्रास पद्धत होती. ती पूड कामगारांच्या छातीत गेली. ॲसबेस्टॉसमुळे होणारे फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग दिसायला काही दशकं लागतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा मेळ कित्येक घरांत बसलाच नसेल. ब्रिटनने १९९९मध्ये आणि युरोपीय संघाने २००५मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात अशी सरसकट बंदी नाही. म्हणून खोक्यावर ‘नॉन-ॲसबेस्टॉस’ लिहिलंय का, हे पाहणं इथे आजही गरजेचं आहे. आणि पॅड कोणताही असो, त्याची पूड हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मिस्त्रींना हे आवर्जून सांगा, छाती त्यांची आहे.

डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरण्याची, कल्पना ड्रमइतकीच जुनी. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण घासायला तांबं वापरल्यामुळे ब्रेक भयंकर किंचाळत आणि झिजतही लवकर. कल्पना मागे पडली. तिला पुन्हा दिवस आले ते शर्यतींमुळे. १९५३च्या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या ल मां शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जग्वार सी-टाइप पळवली आणि तासाला सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. तिथे सहा किलोमीटरच्या जवळपास सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला मंद वळण होतं. ड्रमवाल्या गाड्यांना तिथे बऱ्याच आधीपासून ब्रेक दाबावा लागे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. डिस्क तापून जाड झाली तर उलट पॅडच्या जवळ येते. शिवाय ती उघड्यावर फिरते, त्यामुळे वारा तिला सतत थंड करतो.

इथे कोल्हापूरचा संबंध थेट येतो. पॅड एकटा काही करत नाही, तो कशावर घासतो त्यावर सगळं अवलंबून असतं. आणि बहुतेक गाड्यांची डिस्क आजही करड्या बिडाची, म्हणजे एका प्रकारच्या ओतीव लोखंडाची, असते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांमधून ब्रेक ड्रम, डिस्क, फ्लायव्हील यांचं ओतकाम होतं. करड्या बिडात ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या असतात. त्या उष्णता झटपट वाहून नेतात आणि थरथर शोषतात, म्हणून ब्रेक कमी ओरडतो. पॅड निवडणाऱ्याने फौंड्रीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी तासभर बोलावं. कॅटलॉगमध्ये सापडणार नाही इतकं कळतं.

ॲसबेस्टॉस मागे पडू लागल्यावर वाटा फुटल्या. काहींनी पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी घालून सेमी-मेटॅलिक पॅड केले (यातला धातू कमी केला की लो-मेटॅलिक). ते उष्णता सोसतात, पण डिस्क जास्त झिजवतात आणि आवाज करतात. काहींनी सेंद्रिय तंतू वापरले. ते मऊ आणि शांत, पण लांब घाटात लवकर हात टेकतात. १९८०च्या दशकात सिरॅमिक तंतूंचे पॅड आले, कमी काजळी आणि कमी आवाज यांसाठी. त्यांचा आणि कार्बन-सिरॅमिक डिस्कचा संबंध नाही, तरी घोटाळा नेहमी होतो. तशी डिस्क पोर्शेने २००१च्या ९११ जीटी२मध्ये दिली. तिला तिच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात. बिडाच्या डिस्कचे पॅड तिथे घालून महागडी डिस्क खराब करू नये.

बऱ्याच पॅडच्या कडेला ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (जितका जास्त तितकी पकड जास्त) ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे पॅड किती टिकेल हे त्यावरून कळत नाही. तरीही दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो एवढं नक्की समजावं. युरोपच्या आर९० नियमाची खूण असेल तर आणखी चांगलं, कारण त्या नियमानुसार बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के मागेपुढे असावी लागते.

आता गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटाचा हिशेब करू. १,५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ५.८ लाख जूल उष्णता तयार होते. तीच गाडी ५०० मीटर खाली उतरवली तर ७३ लाखांहून जास्त, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा थांबल्याइतकी. खालचा गिअर यातला मोठा वाटा उचलतो. ज्याला गिअरचा उपयोग करायचा नाही, त्याचा पॅड कोणताही असला तरी तापणारच. मग ‘ट्रॅक’ लिहिलेला पॅडच का घेऊ नये? कारण शर्यतीचा पॅड शे-दीडशे अंशांवर पोचल्याशिवाय नीट धरतच नाही. गगनबावड्याच्या पावसात, गार डिस्कवर, अचानक म्हैस आडवी आली तर त्याची पकड नेमकी कमी पडते. शहर आणि घाट अशा मिश्र वापराला, माझ्या मते, ‘फास्ट रोड’ प्रकारचा पॅड घ्यावा, जो थंड असतानाही धरतो आणि चारशे अंशांच्या पुढेही टिकतो. गाडी नियमित ट्रॅकवर जात असेल तर शर्यतीचा संच वेगळा ठेवावा.

सोबत ब्रेक ऑइलही बदलावं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा पीत पीत ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. आपल्या पावसाळ्यात हे डोळ्याआड करू नये. घाटात ऑइल उकळून ब्रेकचं पेडल खाली गेलं, तर त्या क्षणी भारी पॅडचा काही उपयोग नसतो.

या इतिहासातलं ताजं पान तांब्याचं आहे. उष्णता वाहून नेण्यासाठी पॅडमध्ये ते वर्षानुवर्षं घातलं जाई. रस्त्यावर पडलेली पूड पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाते आणि सॅल्मन माशांच्या पिलांची वास घेण्याची शक्ती मारते, हे दिसल्यावर अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१०मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१पासून तांब्याचं प्रमाण वजनाने ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५पासून ०.५ टक्क्यांच्या आत आणावं लागलं. आपल्या रस्त्यांवरची पूड पंचगंगेतच जाते, म्हणून हा बदल मला मनापासून हवासा वाटतो. या कायद्यांमुळे कंपन्यांना मिश्रणं नव्याने जुळवावी लागली आणि काही पॅडचं नाव तेच राहून आतलं मिश्रण बदललं. तेव्हा जुन्या साठ्यातला एक आणि नवा एक असे पॅड एकाच ॲक्सलवर लावून घेऊ नका. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच खोक्यातले घ्या आणि जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असेल तर तो साफ करून घ्या.