मुकं भोक

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे कर्णिकांमधल्या पडद्याला भोक आहे असं कळलं की वाटतं, काहीतरी फाटलं. फाटलेलं काही नसतं. गर्भात असताना ही वाट प्रत्येकाच्याच हृदयात असते. फुप्फुसं तेव्हा कामाला लागलेली नसतात, प्राणवायू वारेकडून येतो, आणि ते रक्त उजवीकडून थेट डावीकडे जायला ही आडवाट लागते. जन्मानंतर डावीकडचा दाब वाढतो नि पडद्याची झडप मिटते. चारांतल्या साधारण एकाची ती पुरती चिकटत नाही, पण ते प्रकरण वेगळं आणि बहुधा निरुपद्रवी. इथे पडद्याचा तुकडाच घडलेला नसतो.

मग डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसांची फेरी मारतं. हा जादा भार ओढून उजवी बाजू हळूहळू फुगते. गंमत अशी, की भोकाचा स्वतःचा आवाज जवळजवळ येतच नाही. दोन्ही कर्णिकांच्या दाबात फरकच थोडा. स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येते ती फुप्फुसाकडच्या झडपेतून जास्तीचं रक्त जातानाची सळसळ. तीही हलकी. म्हणून मूल खेळतं-बागडतं, आणि कित्येकदा तिशी-चाळिशीत जिना चढताना दम लागला, छातीत धडधडलं, की इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, जन्मापासूनचं भोक दिसतं.

पाच मिलिमीटरहून लहान भोक बालपणी अनेकदा आपोआप बुजतं. मोठ्याला औषध नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात सर्जन जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं शरीर २८ अंशांपर्यंत थंड करून, हृदयात येणारं रक्त काही मिनिटं थांबवून, भोकाला टाके घातले. पुढच्याच वर्षी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुसांचं काम तेवढ्यापुरतं सांभाळणाऱ्या यंत्राच्या मदतीने असंच भोक बंद केलं.

आता बहुतेकदा छाती उघडावी लागत नाही. पडद्याच्या मध्यावरचं भोक असेल आणि भोवती पुरेशी कड असेल, तर जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन निकेल-टायटॅनियमच्या जाळीचं दोन चकत्यांचं झाकण दोन्ही बाजूंनी बसवतात. काही महिन्यांत त्यावर हृदयाचंच अस्तर चढतं. भोक कडेला असेल तर मात्र बहुधा शस्त्रक्रियाच.

फार उशीर झाला, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होतात, दाब चढतो आणि प्रवाह उलटतो. ओठ निळसर पडतात. तेव्हा भोक बुजवायचं नसतं: उजव्या बाजूला तीच एक सुटकेची वाट उरलेली असते.