मेळघाटातली मुळी, बाजारातली पुडी

मिरगाचा पाऊस पडून गेला की मेळघाटात सागाखाली सफेद मुसळीची लांबट पानं वर येतात. कोवळी असताना त्यांची भाजी करतात. दिवाळीच्या आसपास पानं सुकून जातात आणि मग जमिनीतल्या मुळ्या खणून काढायच्या. त्या सोलून उन्हात वाळवल्या की चार-पाच किलोंची जेमतेम किलोभर उरते. तिच्या किमतीचं मूळ या घटीत आणि सोलण्याच्या किचकट कामात आहे.

गावाकडे या मुळीला ताकदीची म्हणत, पण ती ताकद अंगातली. बाळंतीण, तापातून उठलेला माणूस, यांना दुधातून देत. पुरुषांसाठीचं औषध ही तिची ओळख वाजीकरणातून, म्हणजे लैंगिक शक्तीसाठीच्या उपचारांतून आली. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी हे एक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याचा अध्याय दुसराच आहे. त्यात आधी शरीरशुद्धी सांगितली आहे, आणि सोळाच्या आत व सत्तरीनंतर या वाटेला जाऊ नये असंही. पुडी विकणाऱ्यांनी नेमका हाच भाग गाळला, याचं मला फार वाईट वाटतं.

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्यांचा धंदा जुना आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आयुर्वेदिक औषधं बनवण्यासाठीच्या तरतुदी औषध कायद्यात 1964 साली आल्या. तरी आठवडी बाजारातल्या चादरीवरच्या बाटलीला लेबल नसतं. माणूस लाजेपोटी विचारत नाही, विकणारा सांगत नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 साली स्थापन झालं. त्याच सुमारास मुसळीच्या लागवडीची हवा शेतापर्यंत पोचली. अंजनगाव सुर्जी, अकोटकडच्या पानमळ्यांच्या पट्ट्यात पानपिंपळीसारखी औषधी पिकं आधीपासून होती. तिथे मुसळीही रुजली. कपाशीने मोडलेल्या शेतकऱ्याला ती मोठी आशा वाटली. महागडं बेणं घेऊन लावणाऱ्या अनेकांचे भाव पडल्यावर हाल झाले. बाजारात मात्र मुसळीच्या नावाने शतावरीच्या मुळ्याही खपू लागल्या. शतावरीने जिवाला धोका नाही. धोका दुसऱ्याच भेसळीत आहे.

अमेरिकेत 1998 साली सिल्डेनाफिल या ताठरतेसाठीच्या गोळीला (व्हायग्रा) मंजुरी मिळाली. पुढे ते रसायन भारतात स्वस्तात बनू लागलं, आणि ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत, कॅप्सूलमध्ये ते मिसळलेलं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना सापडत आलं आहे. मुसळीवरचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत. माणसात तिचा परिणाम झालाच तर हळूहळू. म्हणून एखादी पुडी तासाभरात काम करत असेल तर ते मुळीचं काम नाही, असंच धरून चाला. काही जुन्या औषधी पाठांत कुचल्याची विषारी बीही असते. ती दुधात शोधून, म्हणजे शुद्ध करून घेतात, कारण तिच्यातलं स्ट्रिकनिन हे विष थोडं जास्त झालं तरी झटके येतात. शोधन घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे.

घ्यायचीच असेल तर अख्खी वाळलेली मुळी घ्या आणि घरीच कुटा. बुरशी लागलेली टाकून द्या. तयार औषधावर परवाना क्रमांक, बॅच आणि बनवणाऱ्याचा पत्ता पाहा, मात्रा वैद्याला विचारा. साखर, बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. ताठरता कमी होणं हे मधुमेहाचं, हृदयाच्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं. पुडीने ते झाकलं जातं आणि तपासणी राहून जाते.

छातीत दुखून दवाखान्यात जायची वेळ आली, तर काय घेतलं होतं ते आधी सांगा, पुडी सोबत न्या. जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीसोबत सिल्डेनाफिल शरीरात असेल तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. हे बायकोलाही माहीत असू द्या, कारण त्या वेळी बोलायला आपण शुद्धीवर असूच असं नाही.