डबाबंद मालाचा एचएस कोड ठरतो कसा?

न्हावा शेव्याला उतरलेल्या कंटेनरमध्ये ‘मशरूमचे डबे’ आहेत, एवढ्या वर्णनावर कस्टम्सचं भागत नाही. 1988 पासून लागू असलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टिममध्ये, म्हणजे मालाचं वर्गीकरण करून ड्यूटी ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जागतिक ‘एचएस’ कोडयादीत, ‘डबाबंद अन्न’ असा स्वतंत्र विभागच नाही. आतल्या पदार्थावर कोणती प्रक्रिया झाली आणि त्यात काय किती आहे, यावर कोड ठरतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे.

मशरूमचंच बघा. ताजं आलं तर कोडचे पहिले चार आकडे 0709. वाटेत खराब होऊ नये म्हणून कडक मिठाच्या पाण्यात ठेवलेलं, पण तसंच्या तसं खाता न येणारं मशरूम 0711 मध्ये. हा माल पिंपांतून येतो आणि कारखान्यात धुऊन त्याचं मीठ उतरवावं लागतं. डब्यात सील करून रिटॉर्टमध्ये (दाबाखाली डबे तापवण्याच्या यंत्रात) साधारण 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेलं, उघडून थेट कढईत टाकता येणारं मशरूम 2003 मध्ये. व्हिनेगरमध्ये टिकवलेलं असेल तर 2001. ऑलिव्हची गंमत याहून बारीक. नुसतं तात्पुरतं मिठाच्या पाण्यात ठेवलेलं ऑलिव्ह 0711 मध्येच राहतं. पण सौम्य कॉस्टिक सोड्यात किंवा दीर्घकाळ मिठाच्या पाण्यात मुरवून त्याचा कडूपणा काढला, की ते खाण्याजोगं होतं आणि 2005 मध्ये जातं. दोन्ही डब्यांत दिसायला सारखंच पाणी!

2001 साठी माल नुसता आंबट असून चालत नाही, आंबटपणा व्हिनेगरचा किंवा अ‍ॅसेटिक आम्लाचा हवा. युरोपीय संघाने ही सीमा आकड्यात बांधली आहे: मुक्त बाष्पशील (वाफेबरोबर उडून जाणारं) आम्ल, अ‍ॅसेटिक आम्लाच्या हिशेबात, वजनाने किमान 0.5 टक्का. प्रयोगशाळेत नमुन्यातून वाफ सोडून आम्ल ऊर्ध्वपातित करतात आणि जमा झालेल्या द्रवाचं कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन करून आम्ल किती ते मोजतात. सायट्रिक आम्ल बाष्पशील नसल्यामुळे ते चंबूतच राहतं. म्हणून सायट्रिक आम्ल घातलेल्या आर्टिचोक या भाजीच्या डब्याचा पीएच कितीही कमी असो, तेवढ्याने तो 2001 मध्ये जात नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मांस-मासळीच्या मिश्रणात. चॅप्टर 16 ची (म्हणजे 16 ने सुरू होणाऱ्या कोडांची) टीप म्हणते, मांस, मासे, कोळंबी वगैरे मिळून वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त असतील तर पदार्थ याच चॅप्टरमध्ये. 15 टक्के मासे आणि 10 टक्के चिकन असेल तर बेरीज 25 टक्के, आणि मासे वजनाने जास्त म्हणून कोड 1604. पण हे वजन सीमेवर आलेल्या तयार मालातलं धरायचं, शिजवण्यापूर्वीचं नव्हे. समजा 400 ग्रॅमच्या भाजी-चिकनच्या डब्यात 90 ग्रॅम कच्चं चिकन घातलं. कागदावर 22.5 टक्के. रिटॉर्टमध्ये चिकनचं पाणी रश्श्यात उतरलं आणि तुकडे 70 ग्रॅम भरले, तर 17.5 टक्के. डब्याचं एकूण वजन तेच, पण चॅप्टर 16 हुकला. उत्पादकाच्या रेसिपी शीटवर विसंबणारे इथेच फसतात. सूपला मात्र ही टीप लागत नाही. चिकन कितीही असो, सूप 2104 मध्येच.

टोमॅटोचे सोललेले तुकडे 2002 मध्ये, केचप 2103 मध्ये. रस पातळ असेल तर 2009, पण त्यातले कोरडे घटक वजनाने 7 टक्के किंवा जास्त असतील तर पुन्हा 2002.

सहा आकड्यांनंतर प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत तेलातल्या टुना माशावर ड्यूटीचा मूळ दर 35 टक्के आहे. बिनतेलाच्या छोट्या डब्यांवर कोट्यात 6 आणि कोट्याबाहेर 12.5. तिथली टीप ‘तेलात’ची व्याख्या करताना तेल भरताना घातलं की आधी, हा फरकच मानत नाही. त्यामुळे मेयोनेज-ड्रेसिंग कालवून मग भरलेला टुनाही 2022 मध्ये तिथल्या अपील न्यायालयात 35 टक्क्यांतच अडकला.

निर्यातदाराच्या इनव्हॉइसवरचा कोड जसाच्या तसा बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सकडे भरायच्या आयात घोषणापत्रात) उतरवण्याची सवय महागात पडते. कस्टम्स कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मूल्यांकन आयातदाराने स्वतःच करायचं असतं, आणि कमी भरलेल्या ड्यूटीची नोटीस कलम 28 खाली दोन वर्षांपर्यंत, जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. माल निघण्यापूर्वीच क्लिअरिंग एजंटला तयार मालातल्या घटकांची टक्केवारी, प्रक्रियेचा फ्लोचार्ट (तापमान आणि वेळेसह), भरलेला द्रव कोणता आणि निथळलेलं वजन किती, हे द्या. निथळलेलं वजन कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या पद्धतीने काढतात: 2.8 मिलिमीटर जाळीची चाळण 17 ते 20 अंशांत तिरकी धरून दोन मिनिटं निथळायचं.

एवढं करूनही शंका उरली तर मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करता येतो. अर्जात रेसिपी नेमकी लिहा. निर्णय त्याच रेसिपीपुरता असतो, त्यामुळे पुढच्या खेपेला उत्पादकाने चिकन 24 टक्क्यांवरून 19 वर आणलं तर तो निर्णय त्या मालाला लागू होत नाही.