मुरमाची वाट की काळ्या मातीची? इंदूरहून हिवाळ्यात कच्च्यावर उतरण्याआधी

डिसेंबर लागला की आमच्या इंदूरच्या मराठी घरांत रविवारचे बेत ठरू लागतात. सकाळी पोहे-जिलबी खायची, डबे घ्यायचे आणि गर्दी नसलेल्या एखाद्या कच्च्या रस्त्याने दिवसभर निवांत हिंडून यायचं. अशा वेळी मला हमखास विचारतात, "फोर बाय फोर लागेल का गं?" म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी. मी विचारते, "वाट कशाची आहे, मुरमाची की काळ्या मातीची?" यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण मोबाइलच्या नकाशावर दोन्ही वाटा सारख्याच दिसतात: शेतांमधून गेलेली एक फिकट, बारीक रेघ.

रंगावरून ओळखू म्हणाल, तर तिथेही फसायला होतं. काळी माती वाळली की तिच्यावर राखेसारखा धुरळा बसतो आणि उपग्रहाच्या चित्रात ती मुरमाइतकीच फिकट दिसते. उलट चांगल्या मुरमाच्या वाटेवर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळा चिखल आणून पसरलेला असतो. मुरूम म्हणजे लालच, असंही नाही. आपल्या भागात तो तपकिरी, पिवळट, कधी राखाडीही निघतो.

दोन्हींचा मूळ दगड मात्र एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून जो बेसाल्ट थरावर थर साचला, त्यावर माळवा उभा आहे. हा दगड अर्धवट झिजला की मुरूम होतो, दाणेदार आणि टोकदार. पाणी त्याच्या दाण्यांमधून खाली उतरून जातं, म्हणून पाऊस थांबल्यावर तो लवकर सुकतो आणि चाकाखाली दबून आणखी घट्ट बसतो. तोच दगड पुरता कुजून बारीक झाला की काळी माती. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. चढावर झिजलेला दगड जागेवर राहतो आणि बारीक माती वाहून खोलगटात साचते. त्यामुळे एकाच वाटेवर टेकडीला मुरूम आणि नाल्याजवळ काळी, असं सर्रास सापडतं.

आता हिवाळ्याचं. बाहेरचे लोक म्हणतात, पाऊस तर संपला, आता कुठला चिखल? माळव्याची ओळख सांगणारी जुनी ओळ आहे ना, "डग डग रोटी, पग पग नीर", त्यातलं नीर हिवाळ्यात शेतात असतं. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला साधारण 20-21 दिवसांनी पहिलं पाणी देतात. म्हणजे ऐन आपल्या सहलीच्या दिवसांत. शेतीची वीज पाळीपाळीने येते, बऱ्याचदा रात्री. रात्रभर मोटार चालते, पाट भरतो, बांध कुठेतरी फुटतो आणि पाणी वाटेवर येतं. सकाळी वर कोवळं ऊन, निळं आभाळ, वाट कोरडी ठणठणीत, आणि मधले दहा-बारा हात नुसता चिखल.

मी हे इंदूरजवळच्या हातोदच्या बाजूला शिकले. मोठी फोर बाय फोर गाडी, आत नवरा, आई, आत्या आणि दोन लहान मुलं. गव्हाच्या दोन शेतांमधून वाट सरळ जात होती. ओला पट्टा मला दिसला होता, पण एवढाच तर आहे, असं वाटून मी गाडी घातली. दोन फेऱ्यांत टायरच्या सगळ्या खाचा भरल्या आणि चाक गुळगुळीत झालं. अशी गुळगुळीत चार चाकं एकदम फिरली तरी जागचं हलत नाही, ती फक्त खोल जातात. खाली उतरले तर चपलेला इतकी माती चिकटली की पाय उचलवेना. चाकाच्या वरच्या पोकळीतही माती दाबून बसली होती, ती लाकडाने टोकरून काढावी लागली. "रात को पानी दिया है भिया," शेतकरी काका नवऱ्याला म्हणाले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. पैसे घेतले नाहीत. मला मात्र त्यांच्या बांधाची लाज वाटली, गाडीने तो पार मोडला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून हाताने तो परत घातला.

तेव्हापासून मी वाटेआधी शेत बघते. दोन्ही बाजूंना गहू, लसूण किंवा बटाटा असेल तर पाणी चालू आहे असं धरते. हरभऱ्याला फार पाणी लागत नाही, त्यामुळे हरभऱ्याच्या शेतांमधली वाट कोरडी असण्याची शक्यता जास्त. ओला पट्टा दिसला की उतरून चालून बघायचं. चिमूटभर ओली माती दोन बोटांत वळायची. लांब, न तुटणारी वळी झाली तर काळी माती, परत फिरा. बोटांना खडे टोचले आणि वळी मोडली तर मुरूम, हळूहळू चला. शेतकऱ्यांचा "वाफसा" हा शब्द इथे फार कामाचा आहे. जमीन ना ओली ना कोरडी, पाय ठेवला की दबेल पण चिकटणार नाही. काळ्या मातीच्या वाटेला वाफसा आला नसेल तर तिथे जाऊच नये. अडकण्याची भीती आहेच, शिवाय तुम्ही पाडलेली चाकोरी पुढे सुकून दगडासारखी होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीला आणि सायकलवरच्या पोरांना छळते.

अशी जुनी, वाळलेली, खोल चाकोरी आडवी आली तर तिच्यात चाकं घालू नका, गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं. एक चाक मधल्या वरंब्यावर आणि एक कडेला, असं काढायचं.

काळी माती पूर्ण कोरडी असेल तर मात्र तिच्यासारखी वाट नाही, हेही सांगायला हवं. मऊ, आवाज न करणारी, दोन्ही बाजूंना हिरवंगार. सांवेर-देपालपूरच्या सपाटीवर जानेवारीच्या दुपारी अशा वाटेने जाताना पोटातलं पाणी हलत नाही. मुरूम त्या मानाने कडक, गाडी खडखडते, पाठीचं दुखणं असणाऱ्यांना पुढच्या सीटवरच बसवा. मुरमाचा धोकाही वेगळा आहे: उतारावरच्या सुट्या खड्यांवरून चाक घसरतं आणि टोकदार दगड टायरच्या कडेला चिरतो. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास, उतारावर पहिला-दुसरा गिअर आणि स्टेपनीत हवा आहे ना ते घरूनच बघून निघणं, एवढ्यावर साधी उंच गाडीही निभावते.

म्हणून कुटुंबाला घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर दक्षिणेला चला. इंदूरच्या उत्तरेला काळ्या मातीचं सपाट रान, आणि महू ओलांडलं की विंध्याचा कडा जवळ येतो, माती पातळ होते, मुरूम आणि कातळ वर येतो. जानापाव, जिथे चंबळ उगम पावते, चोरलचं खोरं, पातालपाणी, जाम गेट, हा सगळा याच पट्ट्यातला. धबधब्यांना हिवाळ्यात पावसाळ्याचं रूप नसतं, पण सागवान आणि पळसाच्या रानातून जाणाऱ्या वाटा स्वच्छ असतात. दोन गोष्टी सांभाळायच्या. वनखात्याच्या आडकाठीपलीकडे विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि महूच्या आसपास लष्कराची हद्द लागते, तिथला फलक दिसला की गाडी वळवायची. खोऱ्यात नाल्यापाशी उतरलात की पुन्हा काळी माती भेटेल, तिथे चिमटीची परीक्षा आहेच.

निघायची घाईही नको. सकाळचं दव काळ्या मातीचा वरचा पापुद्रा निसरडा करतं. पोहे सावकाश खा, दहा वाजू द्या. दुपार जाम गेटच्या त्या दगडी कमानीपाशी काढा, अहिल्याबाई होळकरांच्या काळातली ही कमान अगदी कड्याच्या टोकाला आहे आणि खाली धुकट निमाड पसरलेला दिसतो. डबे तिथेच उघडा. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा पाचच्या आत डांबरी रस्त्याला लागलेलं बरं.