शेळ्यांमुळे की कापसाच्या भावामुळे?

राळेगाव तालुक्यातील एखादे कोरडवाहू गाव डोळ्यांसमोर आणावे. सालदारकी किंवा रोजमजुरी करणाऱ्या पंचवीस घरांना एका योजनेतून प्रत्येकी दोन शेळ्या मिळाल्या आणि वर्षभराने चौकशी केली तेव्हा बहुतेकांची किराणा दुकानातली उधारी फिटलेली होती, असे समजू. योजना यशस्वी ठरली, असा अहवाल लिहायला एवढे पुरेसे वाटते. पण त्याच हंगामात कापसाला बरा भाव मिळाला असेल आणि वेचणीचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढला असेल, तर शेळ्या न मिळालेल्या घरांचीही उधारी फिटलेली असणार. शेळ्या मिळाल्याच नसत्या तर याच पंचवीस घरांचे काय झाले असते, हा दारिद्र्याच्या अभ्यासातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण ते न घडलेले वर्ष कोणालाच पाहता येत नाही.

शेळ्या मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची सरळ तुलना करूनही भागत नाही. अर्ज भरायला जे धडपडतात, ज्यांची ग्रामपंचायतीत ओळख असते, ते मुळातच इतरांपेक्षा थोडे सावरलेले असतात. ही अडचण शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. नवे वाण काळ्या कसदार जमिनीत आणि जुने वाण बरडात पेरले, तर जास्त उतारा वाणाने दिला की जमिनीने, हे सांगता येत नाही. म्हणूनच वाणांच्या चाचणीत कोणत्या तुकड्यात कोणते वाण पेरायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत घडवली. दोनशे गावांपैकी कोणत्या शंभर गावांत योजना आधी न्यायची, हे तशाच चिठ्ठ्यांनी ठरवले, तर पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव यांचा परिणाम दोन्ही गटांवर सरासरीने सारखाच होतो आणि उरलेला फरक योजनेच्या नावे मांडता येतो.

अर्थशास्त्रात ही पद्धत रुजवल्याबद्दल २०१९चे नोबेल पारितोषिक एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांना मिळाले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटात काहीच बदल केला नाही, दुसऱ्यात दरमहा ठरल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर भरवले, तर तिसऱ्यात शिबिराबरोबर प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर ताटे दिली. पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण अनुक्रमे ६, १८ आणि ३९ टक्के निघाले. डाळीचा खर्च धरूनही तिसऱ्या गटात दर बालकामागचा खर्च दुसऱ्याच्या जवळपास निम्मा आला, कारण शिबिर भरवण्याचा खर्च तेवढाच राहिला आणि बालके जास्त आली. आई लशीच्या विरोधात नव्हती. लशीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवणे तिला परवडत नव्हते, असे मला या आकड्यांतून दिसते.

शेळ्यांचीही अशी परीक्षा झालेली आहे. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी जनावरे, काही महिन्यांचा खर्च, प्रशिक्षण, बचत आणि नियमित गृहभेटी यांची एकत्र जोड देणारा कार्यक्रम सुरू केला. भारतासह सहा देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर त्याची चाचणी झाली. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांचा खाण्यापिण्याचा खर्च वाढलेला आढळला, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि लाभ टिकला नाही. एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लावू नये, हा अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप इथे महत्त्वाचा ठरतो. नुसते कर्ज मात्र एवढे करू शकले नाही. हैदराबादसह सहा ठिकाणच्या अभ्यासांत सूक्ष्म कर्जामुळे गरिबांचे उत्पन्न सरासरीने ठळकपणे वाढल्याचे दिसले नाही. आठवड्याच्या हप्त्याची तजवीज करणाऱ्या आपल्याकडच्या बायांना याचे नवल वाटणार नाही.

हे सारे ज्या मोजमापावर उभे आहे, ते ओसरीवर बसून विचारलेल्या प्रश्नांतून येते. गेल्या तीस दिवसांत किती तेल खाल्ले, असे घरच्या बाईला विचारले, तर रोज संध्याकाळी मजुरी हाती आल्यावर पाव-पाव किलो तेल आणणारी बाई महिन्याचा हिशेब कसा सांगणार? नव्वदच्या दशकात घरखर्च मोजणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने काही घरांना तीस दिवसांऐवजी सात दिवसांचे खाणे विचारून पाहिले, तेव्हा खर्चाचे आकडे एवढे वर गेले की दारिद्र्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. माणसे तशीच होती, फक्त प्रश्न बदलला होता. विदर्भात तर महिनाही महत्त्वाचा ठरतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू असताना ज्या घरात तुरीची डाळ शिजते, त्याच घरात पोळ्याच्या आधी, निंदणही संपल्यावर, भाकरीबरोबर नुसते तिखट असते. म्हणूनच ही पाहणी एका महिन्यात न उरकता गावे वर्षभरात वाटून घेतात, म्हणजे कोणाच्या तरी ओसरीवर प्रश्न विचारणारा माणूस ऐन श्रावणातही पोहोचतो.