डिजिटल पियानोसाठी साथीच्या डिस्क व स्वरलेखन

वाद्यवृंदाच्या साथीने एकट्याला पियानो वाजवता यावा म्हणून छापील स्वरलेखनासोबत मिळणारे ध्वनिमुद्रण किंवा मिडी फाइल (वादनाच्या सूचनांची संगणकीय फाइल). तीत बाकीची वाद्ये वाजतात. पियानोची जागा वादकासाठी मोकळी राहते. अमेरिकेत १९५० मध्ये ‘म्युझिक मायनस वन’ या कंपनीने अशा तबकड्या काढायला सुरुवात केली. पुढे कॅसेट, फ्लॉपी, सीडी आणि पेन ड्राइव्ह आले. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत ही कल्पना नवी नाही. पेटीच्या लेहऱ्यावर (आवर्तनभर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) तबल्याचा रियाज चालतो, तोही याच जातीचा.

या भागात पेटीची मोठी परंपरा आहे, पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांचे नाव त्यात अग्रभागी येते. पियानोकडे वळणारे अनेक जण पेटीवरूनच येतात, आणि डिस्क निवडताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. पेटीवाल्याचा उजवा हात तयार असतो, पण डावा भात्यावर असतो. पियानोच्या स्वरलेखनात मात्र दोन ओळी एकाखाली एक असतात आणि खालची सहसा डाव्या हाताची असते. म्हणून आवडते गाणे मिळाले एवढ्यावर डिस्क घेऊ नये. तीत दोन्ही हातांचे भाग वेगळे असावेत आणि हवा तो बंद करता यावा. आधी डावा भाग डिस्कवर सोडून उजवा वाजवायचा, मग उलट करायचे. डावा हात घडवण्याचा याहून चांगला मार्ग घरच्या घरी सापडणे कठीण.

ही सोय मिडी फाइलमध्ये असते. मिडी हे मानक १९८३ मध्ये आले. फाइलमध्ये ध्वनी नसतो. कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबायची याच्या सूचना असतात. त्यामुळे लय निम्मी केली तरी स्वर उतरत नाही. ध्वनिमुद्रित सीडीत खऱ्या वाद्यांचा गोडवा असतो, पण साध्या प्लेअरवर तिची लय बदलता येत नाही. नवशिक्याने मिडी घ्यावी, हात बसल्यावर सीडी.

स्वरलेखन आणि डिस्क एकाच मांडणीचे हवेत. नाव तेच असले तरी एकात सुरुवातीचा तुकडा चार मात्रांचा, दुसऱ्यात आठ. एकात धून दोनदा, दुसऱ्यात एकदा, असे सर्रास आढळते. मूळ स्वर, मात्रांच्या खंडांची (बारची) संख्या आणि पुनरावृत्तीच्या खुणा दुकानातच ताडून पाहाव्यात. पांढरी एकमध्ये छापलेली रचना गायकाला काळी एकमध्ये हवी असेल, तर ट्रान्सपोज या स्वर वर-खाली करणाऱ्या बटणाने एक अर्धस्वर चढवता येते. काही पियानोंत हे बटण फक्त पट्ट्यांवर चालते, डिस्कवर नाही. मग साथ एकीकडे आणि वादन दुसरीकडे जाते.

मराठी नाट्यगीत-भावगीतांच्या फाइलींत अडचण वाद्यांची येते. १९९१ च्या ‘जनरल मिडी’त १२८ आवाज ठरवले गेले. त्यांत सतार आणि सनई आहेत, पण तबला नाही. भारतासाठी काढलेल्या काही यामाहा व कॅसिओ कीबोर्डांत तबल्याचे बोल असतात, पण तिथे केलेली फाइल दुसऱ्या पियानोवर भलत्याच तालवाद्यात वाजू शकते. दादरा, रूपक किंवा झपतालातल्या रचनेसाठी मात्रा नीट मोजलेली फाइलच घ्यावी. चार मात्रांच्या ठेक्यात कोंबलेला सात मात्रांचा रूपक कानाला त्रास देतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, तर पियानोवर निघतच नाही, त्यामुळे मींडप्रधान गाण्यांपेक्षा खड्या स्वरांच्या रचना अधिक शोभतात.

जुन्या फ्लॉपी घेताना यंत्र ७२० किलोबाइटची चालवते की १.४४ मेगाबाइटची, हे पाहावे. काही यंत्रे ‘टाइप शून्य’ (सर्व भाग एकाच ट्रॅकमध्ये असलेली) मिडीच वाचतात, काही डिस्क कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीत असतात. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते; ज्यांची प्रत घेता येते त्या वेळीच पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात.